कोपर

फिरोज मन्यारनं दोन्ही सायकली
दुकानाबाहेर, निंबाच्या सावलीत उभ्या केल्या.
जळगावात मार्चमधले सकाळचे दहा,
सीट आत्ताच चटका देऊ लागलेली.

एक ट्रायथलॉनची :
उलथन्याच्या पात्यासारखी चपटी,
पुढं दोन शिंगं,
शिंगांच्या बुडाशी दोन गाद्या, कोपरांसाठी.
"हिच्यावर बसत नाहीत साहेब, हिच्यावर पडतात.
पडल्यापडल्या निघून जातात."
दुसरी रोडबाइक, वाकड्या हँडलची,
चारचौघांत खपून जाईल अशी.
दोघींत फरक पस्तीस हजारांचा,
आणि फिरोजच्या हिशेबानं
नव्वद किलोमीटरला सात मिनिटांचा.

सात मिनिटं.
मी मालगाडीचा लोको पायलट, भुसावळ.
दुसखेड्याच्या लूपमध्ये उभं राहून
दुसऱ्यांच्या गाड्या पुढं सोडण्यात
माझी किती सात मिनिटं गेली, ते मी मोजणं सोडलंय.
म्हणून हात आधी शिंगांकडे गेला.

कोपरं टेकली. पाठ आडवी झाली,
नजर एका रेषेवर.
वारा असा गेला, जणू मी मध्ये नव्हतोच.
बांभोरीच्या पुलावरून जाऊन आलो,
आणि गिरणेला पाणी होतं का,
फिरोजच्या पोरानं विचारलं तर सांगता येईना.
येताना केळीचा ट्रॅक्टर आडवा आला.
ब्रेक शिंगांवर नाहीत, बाजूला, लांब.
कोपर उचलून तिथं पोचेस्तोवर
ट्रॉलीतल्या घडांना मी जवळजवळ नावं ठेवली.

संध्याकाळी सावद्याला इंदुमामीकडे.
मामी लग्नाघरी मांडे करते, बत्तीस वर्षं,
पुरण भरलेला गोळा हातांवर झुलवत झुलवत
कोपरापर्यंत नेते,
आणि खापरावर टाकते तेव्हा त्यातून पलीकडचं दिसतं.
तिला कोपरांच्या गाद्यांचा फोटो दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाली,
"कोपर टेकलं का हात मेला रे भो.
मले तं हात हालता लागतो."
मग म्हणाली, किती म्हणे याची किंमत?
आणि खापराखालचा जाळ ओढला.

मामीचं ऐकून घेतलं असं नाही.
रात्रपाळीला खंडव्याकडे निघालो,
शेजारी सहायक, प्रवीण झोपे.
आडनाव झोपे, पण चार वर्षांत एक डुलकी नाही.
तो म्हणाला, "डबल पिवळा."
मी म्हणालो, "डबल पिवळा."
दोघांनाही दिसतोच की तो. तरी म्हणायचं असतं.
बऱ्हाणपूर मागे पडलं तेव्हा ध्यानात आलं,
पुढं बघत, रुळांवरनं, सरळ रेषेत
आयुष्यातली एकोणीस वर्षं मी गेलेलोच आहे,
आणि रविवारी पालच्या चढावर
गुलाब तडवी पुढून ओरडतो, "खड्डा!"
मी मागून ओरडतो, "खड्डा!"
त्या ओरडण्यासाठी मी पहाटे चारला उठतो,
मांड्यांच्या ताकदीसाठी नाही.
शिंगांवर पडलेल्यानं कोणाच्या मागं लागायचं नसतं.
तसा शर्यतीचाच नियम आहे.

रोडबाइक घेतली. निळी.
वाचलेल्या पस्तीस हजारांत
बायकोनं कूलर बदलला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

फेब्रुवारीत हतनूरच्या पाण्यातून बाहेर पडलो
तेव्हा माझा नंबर बरा होता.
सायकलवर तो राहिला नाही.
एकामागून एक आडवे झालेले लोक
सूं करत शेजारून गेले,
खोटं कशाला, पोटात जळलं.
सात मिनिटं आठवली, एकेक करून, सातही.
वळणापाशी आणखी एक आला,
मान खाली, पन्नाशीचा असेल.
पुढचा डांबर उखडलेला मला दिसत होता.
मी ओरडलो, "खड्डा!"

त्यानं उत्तर दिलं नाही.
खड्डा मात्र चुकवला.